खांदे खाली

"खांदे खाली."

ताई एवढंच म्हणायच्या आणि दोन्ही तळवे समोरच्या बाईच्या खांद्यांवर ठेवून हलकेच दाबायच्या. मग टेप गळ्यात तशीच लटकती ठेवून वाट बघत उभ्या राहायच्या. कशाची वाट, ते पहिल्यांदा आलेल्या बाईला कळत नसे. ती आपली हात पसरून, मान ताठ करून, कवायतीला उभं राहावं तशी उभी. "आता श्वास सोडा," ताई म्हणायच्या. "पूर्ण. अजून आहे आत. तो पण सोडा." तो सुटला, की मग टेप फिरायची.

उज्जैनच्या माधवनगरात, मोठ्या रस्त्यापासून आतल्या दुसऱ्या गल्लीत, भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. फॉल, पिको, ब्लाउज. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक उभा आरसा आणि मापं घ्यायच्या कोपऱ्याला भैरवगढच्या छापील कापडाचा पडदा. तुमच्याही गल्लीत असं एक दुकान असेल. बायका तिथे ब्लाउज टाकायला जातात आणि सासूचं, नणंदेचं, गुडघ्याचं बोलून परत येतात. घरी कुणी विचारत नाही इतका वेळ कुठे होतीस म्हणून.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. आमच्या कॉलनीत ते आधीच फार जणींनी फार ठिकाणी घेतलं आहे. पन्नाशीच्या होत्या, सडपातळ, केसांचा घट्ट अंबाडा, दातात कायम एक टाचणी. नवऱ्याने सोडलेल्या, हे सगळ्यांना माहीत होतं. का सोडलं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येकीकडे त्याचं वेगळं कारण होतं.

जीभ मात्र तिखट. आमच्या कॉलनीत निवृत्त बँक अधिकाऱ्याची बायको आहे, त्यांना सगळे बँकवाल्या काकू म्हणतात. त्या माप देताना नेहमी अंग चोरून उभ्या राहायच्या. ताईंनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तसंच माप घेऊन टाकलं. ब्लाउजचं वरचं हुक लागेना. काकू तणतणत आल्या, "तुम्ही माप चुकीचं घेतलं."

"मी बरोबर घेतलं काकू, तुम्ही चुकीचं दिलं," ताई टाचणी बाजूला काढून म्हणाल्या. "माझ्यापासून अंग चोराल. ब्लाउजपासून कसं चोरणार?"

खुर्चीवर बसलेल्या आम्ही दोघी-तिघी हसलो. काकूही हसल्या, पण हे त्या विसरल्या नाहीत. काही बायका हिशेब तोंडपाठ ठेवतात.

हे सगळं मी तुम्हाला मोकळेपणाने सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या महिला मंडळात नाही.

मी मूळची देवासची. लग्न होऊन उज्जैनला आले, एका खाजगी शाळेत गणित शिकवते. गणितवाली असल्यामुळे लांबण लावायची सवय नाही, तेव्हा सरळ सांगते. लग्नाला आठ महिने झाले होते आणि आमचा संबंध एकदाही होऊ शकला नव्हता. समीर जवळ आला, की माझं खालचं अंग आपोआप मिटायचं, जणू तिथे वाट नाहीच. तरी प्रयत्न केला, तर सुरी फिरल्यासारखं दुखायचं. मला समीर आवडायचा. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर ज्यांना ज्यांना कळलं त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. मला त्याच्याजवळ जावंसं वाटायचं आणि माझंच शरीर मला विचारल्याशिवाय दार लावून घ्यायचं.

तो वाईट नव्हता. पहिले काही महिने "होईल" म्हणाला, मग काही म्हणेनासा झाला. त्याने आईला सांगितलं की आमच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं, मला माहीत नाही. पण एक दिवस माझी पत्रिका देव्हाऱ्यातल्या पोथीखालून बाहेर आली. लग्नाआधी माझा जो मंगळ सौम्य होता, तो आठ महिन्यांत कडक झाला.

मंगळाच्या शांतीची भातपूजा करायला बाहेरगावचे लोक रात्रभर प्रवास करून उज्जैनला येतात. समीरच्या पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांचा मुक्काम आमच्याकडेच असतो, मी त्यांना सकाळी पोहे करून घालते. आम्हाला मंगळनाथाचं देऊळ रिक्षाने वीस मिनिटं. आमच्या घरात दुखणं कोणतंही असो, इलाज वीस मिनिटांवर असतो.

पूजेसाठी लाल साडी आली आणि तिच्या ब्लाउजसाठी सासूबाई मला घेऊन ताईंकडे गेल्या. सासूबाई खुर्चीवर बसल्या, मी पडद्याआड गेले.

"खांदे खाली," ताई म्हणाल्या.

मी खाली केले. म्हणजे मला वाटलं, मी केले. त्यांनी तळवे ठेवून दाबलं तेव्हा कळलं, खांदे कानाशी होते. "श्वास सोडा." सोडला. "हा घेतला. सोडा म्हटलं मी." मला सोडताच येईना. आरशात बघितलं तर जबडा आवळलेला, पोट आवळलेलं, पायाची बोटंसुद्धा वळलेली. डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचाच राग आला.

"लवकर घ्या हो," बाहेरून सासूबाई म्हणाल्या. "मंगळवारी पूजा आहे."

"मला घाई नाही, तुम्हाला आहे," ताईंनी नेहमीचं उत्तर दिलं. मग टेप गळ्यातून काढून गुंडाळली. "आज हिचं माप मिळणार नाही. उद्या शाळेतून येताना पाठवा. एकटीला पाठवा, इथे गर्दी असते."

दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी नव्हतं. त्यांनी शटर अर्धं ओढलं, मला खुर्चीवर बसवलं आणि माझ्याकडे न बघता सुईत दोरा ओवायला घेतला.

"दुखतं?"

"काय?"

"काय ते मला नको विचारू. दुखतं का, तेवढं सांग."

मी रडले. ताईंनी रडू दिलं. दोरा ओवला गेला, गाठ मारली, सुई उशीला टोचली. मग म्हणाल्या, "यात तुझी चूक नाही आणि तुझ्या नवऱ्याची पण नाही. मंगळाची तर बिलकुल नाही, त्या बिचाऱ्याला दुसरी कामं आहेत. आधी डॉक्टरणीला दाखव. आत जखम आहे का, सूज, इन्फेक्शन, हे बघायला पाहिजे. मी शिंपीण आहे, डॉक्टर नाही. तिने सांगितलं की सगळं ठीक आहे, मग माझ्याकडे ये."

डॉक्टर चांगल्या होत्या. जबरदस्ती केली नाही, बाहेरूनच तपासलं, व्हजायनिस्मस असा शब्द कागदावर लिहून दिला. म्हणाल्या, स्नायू आपोआप आखडतात, नखरा नाही, आजार म्हणून घाबरायचं नाही. थोडी साधनं आणि पुष्कळ सराव लागतो. शिकवणारी फिजिओथेरपिस्ट इंदूरला आहे, दर आठवड्याला जाता आलं तर बघा. दर आठवड्याला इंदूरला कशाला जाते, हे घरी काय सांगणार होते? तो कागद मी ताईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून शब्द वाचला आणि कागद घडी घालून परत दिला. "हाच," म्हणाल्या.

पूजा झालीच. गुरुजींनी मनापासून मंत्र म्हटले, त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो घरी आल्यावर सासूबाईंनी आमच्या खोलीतली चादर स्वतःच्या हाताने बदलली, त्याचा. नवी, पांढरी, कडक इस्त्रीची. त्या चादरीवर मी भिंतीकडे तोंड करून झोपले आणि सकाळी तिच्याकडे बघून सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं मला आजही ऐकू येतं.

मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते, हेही कबूल करायला हवं. मोबाइलवर बायकांचे व्यायाम बघितले होते. खालचे स्नायू आवळा, दहापर्यंत मोजा. मी इमानदारीने दोन महिने रोज शंभर वेळा आवळत होते. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं मास्तरीण, आवळायचं तुला शिकवायला पाहिजे का? ते तर तुला फर्स्ट क्लास येतं! सोडायचं शिकायचं आहे."

मग त्यांनी शिकवलं. जमिनीवर सतरंजी, गुडघ्यांखाली उशी, एक हात पोटावर. श्वास घेताना पोट फुगू द्यायचं आणि सोडताना आधी जबडा सैल करायचा, मग खांदे, मग पोट, मग सगळ्यात खालचं. "दात आवळून खालचं सैल होत नाही, करून बघ," त्या म्हणाल्या. पहिले पंधरा दिवस फक्त हेच. मला घाई झाली होती, मी म्हटलं पुढचं सांगा. त्यांनी परकराची नाडी घेतली, गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. मी ओढली, गाठ आणखी बसली. "बघ," म्हणाल्या. "आता नखाने जरा सैल कर. आरामात." सुटायला वेळ लागला, पण सुटली.

पुढे एक दिवस हातात छोटा आरसा दिला. घरी दार लावून स्वतःला बघ म्हणाल्या. अठ्ठावीस वर्षांची होते मी, त्रिकोणाचे सगळे कोन मला माहीत होते आणि स्वतःकडे मी कधी बघितलं नव्हतं. मग स्वतःचं बोट, नख कापलेलं, हात धुतलेले, भरपूर जेली लावून. आधी नुसतं बाहेर ठेवायचं. अंग आवळलं तर हलायचं नाही, श्वास सोडत थांबायचं, ते आपलं आपण सोडेपर्यंत. मग नळ्यांचा संच. डायलेटर म्हणतात, गुळगुळीत असतात, करंगळीएवढ्यापासून हळूहळू वाढत जाणाऱ्या. डॉक्टरांनी कोणता घ्यायचा ते लिहून दिलं होतं. माझा मी मागवला, दुकानाच्या पत्त्यावर. "दुसरीचा वापरायचा नाही, आपला आपला घ्यायचा," ही ताईंची शिस्त. तो ठेवायला त्यांनी भैरवगढच्या उरलेल्या कापडाची थैली शिवून दिली, नाडीची, तोंडाशी दुहेरी लाल पायपिन, म्हणजे बारीक गोट, लावलेली. तशी पायपिन उज्जैनमध्ये दुसरं कुणी लावत नसे.

दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. दुखायला लागलं की थांबायचं, आधीच्या नळीवर परत यायचं. मी एकदा परीक्षेच्या दिवसांत कंटाळून दोन पायऱ्या एकदम चढायला गेले आणि कळ सोसून तशीच रेटली. पुढचे आठ दिवस करंगळीसुद्धा जमेना. ताई खरोखर रागावल्या. मी त्यांना तेवढं रागावलेलं आधी कधी बघितलं नव्हतं.

"सहन करायचं नाही म्हणून सांगितलं ना? तू सहन करते, अंग लक्षात ठेवतं. जबरदस्ती नवऱ्याने नाही करायची आणि तू पण नाही करायची. तुला तुझ्यावर जबरदस्ती करायचा हक्क कुणी दिला?"

समीरला मी सगळं सांगितलं. तोवर काही महिने काही करायचं नाही, फक्त जवळ असायचं, हेही सांगितलं. तो म्हणाला, "आईला नको सांगू." एवढी अट. पण शब्द पाळला त्याने, हे मान्य करते.

एकदा पिको करता करता ताईंनी स्वतःचं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. बाहेर रस्त्यावर कुणाची तरी वरात चालली होती, बँडचा आवाज होता, कदाचित म्हणून.

"एकोणीसची होते मी. मला पण हेच. पूजा झाल्या, तीन झाल्या. सासरच्या बायका म्हणाल्या, सहन कर, सगळ्याच करतात. मी केलं गं. अंगाने नाही केलं. दोन वर्षांनी मला माहेरी सोडलं आणि त्यांनी दुसरं लग्न केलं. पहिला मुलगा झाला तेव्हा पेढे पाठवले होते. वाईट हेतूने नाही पाठवले, यादीत नाव राहिलं असेल." मशीन थांबवून त्यांनी दोरा तोडला. "एक्केचाळीसाव्या वर्षी पोटात दुखायला लागलं म्हणून इंदूरला दाखवायला गेले. डॉक्टरणीला तपासताच येईना मला. तिने सांगितलं हे काय असतं ते. बावीस वर्षांनी मला त्याचं नाव कळलं. मग तिथेच जाऊन शिकले सगळं. सात महिने लागले."

"पण ताई," मी म्हटलं आणि विचारू नये ते विचारलं, "तेव्हा कुणासाठी?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "माझ्यासाठी. माझंच घर आहे ना हे? मग एका खोलीला बाहेरच्यांनी कुलूप लावलं म्हणून मी पण तिथे जायचं नाही का?"

मला सहा महिने लागले. ज्या दिवशी काही दुखलं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर धावतच दुकानात गेले. ताईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं. "बरं," म्हणाल्या. "जेवलीस का?" आणि खाली मान घालून टीप मारत राहिल्या. पण ती टीप वाकडी गेली. मी बघितली.

वर्षभरात मला दिवस राहिले. सासूबाईंनी मंगळनाथाला पेढे नेले आणि कॉलनीभर सांगितलं, मंगळ पावला. मी ऐकत होते, मान हलवत होते, पाया पडायला सांगितलं तिथे पडत होते. ताईंना सांगितलं तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. "पावला तर पावला. मला काय नैवेद्य पाहिजे आहे?" मला ते फार सोयीचं वाटलं. माझ्या भित्रेपणाची पहिली टीप ती होती, पण तेव्हा मला ती शहाणपणाची वाटली.

मुलगी चार वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. बँकवाल्या काकूंच्या मुलाचं लग्न होऊन सहा-सात महिने झाले होते. सून शाजापूरची, बारीक अंगाची, बोलताना ओढणीचं टोक पिळत बसणारी. एकदा ताईंकडे भेटली. खांदे कानाशी. मी ओळखलं. ओळखून गप्प बसले, ताई आहेत म्हणून निर्धास्त होते.

एका रविवारी काकूंना सुनेच्या कपाटात थैली सापडली. भैरवगढचा छापा, तोंडाशी दुहेरी लाल पायपिन. कुणी शिवली हे विचारायची गरजच नव्हती.

महिला मंडळाची बैठक आमच्या दिवाणखान्यात भरली, कारण अध्यक्ष सासूबाई. दहा-बारा जणी होत्या. थैली मधल्या टेबलावर, मी चहा ठेवते त्या ठिकाणी. ताईंना बोलावून घेतलं होतं. त्या दाराजवळ उभ्या होत्या. कुणी बस म्हटलं नाही.

"शरम नाही वाटत?" काकू म्हणाल्या. "कुणाच्याही सुनेला बोलावून हे घाण शिकवून राहिली आहे ही. माझी सून बिघडवली हिने."

"तिला दुखतं, काकू," ताई म्हणाल्या. "दुखू नये म्हणून आहे ते. डॉक्टरणीने लिहून दिलंय, कागद आहे तिच्याकडे."

"दुखतं? आम्हाला काय कमी दुखलं? आम्ही बोललो का कधी?"

कोपऱ्यातल्या एका सत्तरीच्या बाईंनी मान खाली घातली.

"बोलायला पाहिजे होतं," ताई म्हणाल्या. अगदी हळू, टोमणा मारायचा म्हणून नाही.

त्यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. नवऱ्याने टाकलेली, म्हणून दुसऱ्यांचे संसार मोडते. अशा बाईच्या दुकानात आपण मुली पाठवतो. मग सासूबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळल्या. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

"ही तर रोज जायची यांच्याकडे. काय गं, तुला कधी असलं काही बोलल्या या? खरं सांग."

त्या खोलीत मी एकटी पुरावा होते. माझी थैली दोन खोल्या पलीकडे, कपाटात, शाळेच्या जुन्या वह्यांखाली. माझी मुलगी आत चित्रं रंगवत होती. मी एवढंच म्हणायचं होतं, की हो, मलाही होतं हे, यांनी शिकवलं, मी बरी झाले, ती बघा माझी मुलगी. एका वाक्याचं काम. सिद्धता मांडली नाही तर मी शाळेत मुलांचे गुण कापते.

ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. तेच मला अजून छळतं. त्यांनी बघितलं असतं, तर मी त्यांना दोष देऊ शकले असते, की मला अडचणीत टाकलं. त्या खिडकीकडे बघत राहिल्या, जणू मी तिथे नव्हतेच. मला वाचवत होत्या.

"मी फक्त ब्लाउज शिवायला जायचे," मी म्हणाले.

"ऐकलंत?" काकू म्हणाल्या.

ताईंनी टेबलावरची थैली उचलली, नाडी नीट ओढून बंद केली आणि निघाल्या. दाराकडे जायची वाट माझ्यावरून होती. माझ्यापाशी थांबल्या. ट्रे माझ्या हातात होता, मला हलता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही तळवे माझ्या खांद्यांवर ठेवले आणि हलकेच दाबले.

"खांदे खाली," म्हणाल्या, आणि गेल्या.

ट्रेमधले कप वाजायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "सांभाळ."

त्यानंतर त्यांच्याकडे कुणी ब्लाउज टाकेना. मीही रस्ता बदलला. शाळेतून येताना मोठ्या रस्त्याने यायला लागले, ऊन लागायचं तरी. महिन्याभरात घरमालकाने खोली मागितली. शाजापूरच्या मुलीला माहेरी पोहोचवलं गेलं, काही दिवस आराम कर म्हणून. ते काही दिवस अजून चालू आहेत. काकूंनी मुलाची पत्रिका पुन्हा बाहेर काढली आहे आणि या वेळी मंगळ नीट बघून घेणार आहेत म्हणे. ती मुलगी त्या दिवसांत तिसऱ्या नळीपर्यंत पोहोचली होती, हे मला नंतर कळलं. अजून थोडे महिने मिळायला हवे होते तिला. ते मी देऊ शकत होते.

ताई कुठे गेल्या? कुणी म्हणतं रतलामला भावाकडे, कुणी म्हणतं इंदूरला. मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर मला पत्ता मिळाला असता, आणि पत्ता मिळाला असता तर मला जावं लागलं असतं.

जाताना त्यांनी सगळ्यांचे कपडे परत केले. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इस्त्रीवाल्याकडे एकेकीच्या नावाची पुडकी ठेवून गेल्या. बँकवाल्या काकूंचंसुद्धा, पिको पूर्ण करून. माझं जांभळं कापड त्यांच्याकडे होतं, त्या बैठकीच्या आधी टाकलेलं. ते शिवून ठेवलं होतं. आत मापाची चिठ्ठी टाचलेली. छाती, मुंढा, बाही, सगळे आकडे आणि खाली त्यांच्या बारीक अक्षरात एक ओळ: श्वास सोडून घेतलेलं माप.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. मी तोच ब्लाउज घातला. आरशासमोर उभी राहिले तेव्हा अंगावर असा बसला होता की घातलाय हेच जाणवेना. दिवाणखाना भरला होता. बँकवाल्या काकू आल्या, मी त्यांना हळदकुंकू लावलं, तिळगूळ हातावर ठेवला. त्यांनी माझी बाही बोटांत धरून बघितली, उलटून आतली टीप बघितली.

"काय सुंदर बसलाय गं. कुणी शिवला?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. दारातून माझी मुलगी बघत होती. माझे खांदे वर चढले, श्वास आत अडकला आणि ब्लाउजची शिवण दोन्ही काखांत रुतली.

"रेडिमेड आहे," मी म्हणाले.